राजाच्या करंगळीतली अंगठी

मालिकेच्या युनिटमध्ये तिला सगळे भिंगबाई म्हणत, आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडायचं. काम तसंच होतं तिचं. दोनशे वर्षांपूर्वीच्या राजवाड्याची मालिका, आणि एकेक प्रसंग दोन-दोन दिवस तुकड्यातुकड्यांनी चित्रित व्हायचा. कालच्या तुकड्यात राजाची शाल डाव्या खांद्यावर होती तर आजही डाव्याच खांद्यावर हवी, हे बघणारी ती एकटी. मेणबत्ती किती जळली, पेल्यात पाणी किती उरलं, सगळं तिच्या वहीत.

ही नजर काही उपजत नव्हती, ठेच लागून आली होती. आठ वर्षांपूर्वी एका मालिकेत सेनापती मनगटी घड्याळ घालून लढाईला गेला आणि तिला ते दिसलंच नाही. लोकांनी महिनाभर टिंगल केली. सख्ख्या भाच्याने भर जेवणात विचारलं, "मावशी, लढाई कितीची होती?" सगळे हसले, तीही हसली, पण ताट अर्धवट टाकून उठली. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला.

राजाचं काम करणारे आबा सत्तरी ओलांडलेले. वीस भाग त्यांनी पाठ केलेलं बोलून निभावले होते. मध्येच आठवडाभर सुट्टी घेऊन ते परत आले. का घेतली, हे कोणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. आल्या आल्या राजाच्या मरणाचा प्रसंग होता. राणी आधीच गेलेली. पलंगावरून तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राजाने म्हणायचं होतं, "तू हो पुढे. मी दिवे मालवून येतो."

आबा ते असं म्हणाले, की दिवे धरणारा माणूसही डोळे पुसायचं विसरला. भिंगबाईचंही पेन वहीवर तसंच राहिलं होतं, आणि नेमकी तेव्हाच, पलंगाच्या कडेला ती बसली होती तिथून, तिला आबांच्या करंगळीत अंगठी दिसली. बारीक, सोन्याची, बाईच्या मापाची.

"आबांच्या बोटात अंगठी आहे," ती म्हणाली. "सकाळी नव्हती."

"मला तर नाही दिसली," दिग्दर्शक पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "चित्रण मागे नेऊन बघायचं का?"

"त्यात कशाला वेळ घालवायचा? पुन्हाच घेऊ. घड्याळही कोणाला दिसलं नव्हतं."

घड्याळाचं नाव निघालं की तिच्यापुढे कोणाचं चालत नसे. तिने आबांसमोर तळहात धरला.

"आजचा दिवस राहू दे ना गं," आबा हळूच म्हणाले.

"आबा, राजाला कुठून आली ती?"

साबण लावून, ओढून ओढून आबांनी अंगठी काढली. तिने ती छोट्या पाकिटात घातली, वर प्रसंगाचा नंबर लिहिला आणि संध्याकाळी आठवणीने परत दिली. त्याआधी दुसरा टेक झाला. शब्द बरोबर, शाल बरोबर, मेणबत्ती बरोबर. राजा बिनचूक मेला.

भाग लागला. चुका शोधायला टपलेल्या प्रेक्षकांना एकही सापडली नाही. दोन दिवस ती ताठ मानेने फिरली. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की त्या प्रसंगाबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नाही. चांगला नाही, वाईट नाही.

तेव्हा ती संकलकाच्या खोलीत गेली आणि पहिला टेक लावायला सांगितला.

"मला हाच घ्यायचा होता," तो म्हणाला. "पण तुझ्या वहीत 'बाद' लिहिलेलं."

तिने बघितला. मग पुन्हा बघितला. कॅमेऱ्याच्या बाजूने आबांचा हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत शालीखाली होता. अंगठी कुठेच नव्हती.

"आबा सुट्टीवर होते ना, त्याच आठवड्यात त्यांची बायको गेली," संकलक म्हणाला. "मलाही मागाहून कळलं."

ती तशीच उठून आबांच्या घरी गेली. आबांनी दार उघडलं, खुर्ची दिली. इकडचं तिकडचं बोलणं तिला जमेना.

"आबा, चुकलं माझं. मी विचारायला हवं होतं."

"विचारलंस की तू. राजाला कुठून आली म्हणून. मीच नाही सांगितलं."

"पहिला टेक आणलाय फोनवर. बघता?"

"नको. तो मी तिच्याशी बोललो होतो. दुसरा तुमच्यासाठी केला. तो लागला, बरं झालं."

तिची नजर, सवयच ती, त्यांच्या हाताकडे गेली. करंगळी मोकळी होती.

"त्या दिवशी ओढून काढली तेव्हा सांधा दुखावला," आबा म्हणाले. "सूज काही उतरत नाही. आता चढतच नाही ती."

फळीवर त्यांच्या बायकोचा फोटो होता. फोटोला टेकवून ते छोटं पाकीट ठेवलं होतं, आणि त्यावर भिंगबाईच्याच सुबक अक्षरात प्रसंगाचा नंबर होता.