शिबिरात कोणी कोणाला ओळखायचं नाही

जगातली सगळी मोठी परिवर्तनं महाविद्यालयीन तरुणांच्या मंडळांतून सुरू झाली आहेत. हे वाक्य मी दरवर्षी आमच्या विष्णुपंत स्मारक महाविद्यालयाच्या शिबिरात म्हणतो आणि त्यावर दरवर्षी टाळ्या पडतात. महाविद्यालय बेलवलीत आहे. त्यात मंडळं अकरा आणि अकरा मंडळांत मिळून विद्यार्थी वीसेक. वक्तृत्व मंडळाची सभा संपून निसर्ग मंडळाची सुरू व्हायची असेल तर कोणी जागचं उठत नाही. नुसता फळा पुसतात.

त्यामुळे एखादं मूल एका मंडळात सापडलं की सगळ्यांत सापडतं. प्रगती वारघडे दुसऱ्या वर्षाला होती. तिला फक्त वक्तृत्व मंडळ हवं होतं. मुलगी बोलायला उभी राहिली की मागच्या बाकावरची मुलं मोबाइल खाली ठेवायची, आणि हा मान आमच्याकडे प्राचार्यांनाही मिळालेला नाही. पण वक्तृत्वातून ती निसर्गात गेली, निसर्गातून सेवा मंडळात, आणि सेवा मंडळाचं म्हटलं की शिबिर आलंच.

शिबिर असतं बारवी धरणाच्या पलीकडे, करवंदवाडीला. ही वाडी महाविद्यालयानं पंधरा-सोळा वर्षांपूर्वी दत्तक घेतली. वाडीला कोणी विचारलं नव्हतं; पण दत्तक जाणाऱ्याला विचारतात कुठे. भात झोडून झालं की शिबिर, असा वाडीचा आता हंगामच ठरून गेला आहे. मुलं येतात, शाळेला रंग देतात, साबण वाटतात, मुलीला शिकवा असं सांगणारं पथनाट्य करतात आणि जातात. शेवटच्या दिवशी धाकलू वारघडे वाडीतर्फे आभार मानतो. धाकलूचं आडनाव वारघडे, प्रगतीचं वारघडे, निम्म्या वाडीचं वारघडे. हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण वाडीतल्या कोणाला आडनाव विचारायचा प्रसंग मंडळावर कधी आलेला नव्हता.

मी अंबरनाथच्या कारखान्याच्या कचेरीतून निवृत्त झालो. निवृत्त माणसाकडे विचार साठलेले असतात असा एक समज आहे, म्हणून समारोपाच्या आदल्या दुपारी ‘बौद्धिक’ घ्यायला मला बोलावतात. मुलं जेवून पेंगत असतात, मी बोलत असतो, कोणाचं काही बिघडत नाही.

यंदा जीपमधून उतरलो तर सगळ्या मुलांची कपाळं निळी. मंडळाच्या निळ्या टोप्या उल्हासनगरहून आणल्या होत्या. दुकानदारानं बजावलं होतं म्हणे, की साहब, इस भाव में रंग की गारंटी नहीं. आमच्या देवदत्त सरांनी भाव तेवढा ऐकला होता. देवदत्त सर हे मंडळाचे प्रमुख. माणूस इतका सज्जन, की त्यांच्यावर रागावायचं म्हणजे आपल्यालाच दोन दिवस चुकचुकत राहतं.

“या, या! यंदाचा रंग बघा,” ते मला शाळेकडे नेत म्हणाले.

शाळा म्हणजे एक खोली. ती यंदा पोपटी झाली होती. खिडकीच्या चौकटीवरचा पोपडा उडालेला होता, तिथे आत गुलाबी, त्याच्या आत निळा, त्याच्या आत पिवळा असे मागच्या शिबिरांचे थर दिसत होते. खिडकीची दारं सताड उघडी होती.

“हवा खेळती राहते,” सर म्हणाले.

खिडकीच्या गजांत एक जॅकेट कोंबलेलं होतं. राजसी नावाची मुलगी ते काढत होती. “सर, रात्री एवढी खेळली ना हवा, माझी वाट लागली,” ती म्हणाली.

बौद्धिक झालं. परिवर्तनाच्या वाक्याला टाळ्या पडल्या. तेव्हाच मला ते कुत्रं दिसलं. तांबूस, एक कान पडलेलं कुत्रं प्रगतीच्या पायाशी बसलं होतं. ती उठली की उठे, बसली की बसे. तिनं हळूच “हड” म्हटलं की शेपूट हलवून आणखी जवळ सरके.

“प्राण्यांना चांगली माणसं बरोबर कळतात,” देवदत्त सर कौतुकानं म्हणाले. प्रगती घाईघाईनं पाणी आणायला गेली. कुत्रं पुढे पळालं आणि वाट दाखवू लागलं.

मी शाळेच्या पायरीवर धाकलूशेजारी जाऊन बसलो. आमची ओळख शिबिरातलीच. माझं भाषण झालं की तो मला चहा पाजतो. त्याचं झालं की मी त्याला.

“भाऊ, येक सांगू?” तो म्हणाला. “कुनाला बोलू नका.”

“बोल की.”

“ती कुत्र्यावाली पोर हाय ना, ती माजी नात.”

मी त्याच्याकडे पाहिलं. तो समोर बघत होता.

“बेलवलीला मावशीकडं रहाते. कालेजात सांगितलंय, बेलवलीची. फोन केलता तिनं. आजा, मला शिबिराला यावं लागतंय, पन मला वळखू नको. मी म्हनलं, का गो? तं म्हनली, तो फोटू.”

फोटो मला माहीत होता. प्राचार्यांच्या खोलीबाहेर मोठ्या चौकटीत लावलेला आहे. केस पिंजारलेली, सात-आठ वर्षांची मुलगी दोन्ही हातांत साबणाची वडी धरून उभी आहे, आणि खाली लिहिलं आहे, ‘वाडीतील एक निरागस बालिका’. त्याच्यासमोरून प्रगती रोज वर्गात जात होती.

“ती?”

“तीच. म्हनली, आजा, मी बोलाया उभी राह्यले का समदे ऐकतात. ही फोटूतली पोर हाय असा कळला, तं ऐकनार नाय कुनी. नुसती कीव करतील. मंग काय, वाडी बसवली. बायामान्सांना सांगितलं, पोरांना दम दिला. कुत्र्याला सांगाया तेवढा राह्यला.”

“आणि तुला काही वाटत नाही? नात समोर आणि ओळखायचं नाही म्हणजे?”

धाकलूनं तळहातावरची तंबाखू बराच वेळ मळली. “आमाला सवय हाय भाऊ. दरवर्सा पोरं येतात, जेवतात, जातात. वळखत कोन हाय? यंदा त्यांच्यात आपली येक हाय, येवढाच.”

तेवढ्यात प्रगती पाण्याचा हंडा घेऊन आली. धाकलू उठून उभा राहिला. “ताई, जड हाय, द्या मी ठेवतो,” तो म्हणाला. इतकं चोख म्हणाला, की तिचाच चेहरा पडला.

संध्याकाळी पंगत बसली. वाढायला नवसी होती. नवसी म्हणजे धाकलूची बायको, प्रगतीची आजी. सगळ्यांच्या ताटात भाकरी आणि पिठलं. प्रगतीच्या भाकरीखाली मात्र सुकटीची चटणी दडवलेली होती. शेजारी बसलेल्या राजसीनं वास घेतला. “इथे कोणीतरी मस्त काहीतरी खातंय यार.” प्रगती मान खाली घालून भराभर जेवत होती.

जेवणं आटोपल्यावर पथनाट्याची तालीम सुरू झाली. दिग्दर्शक रूपेश, कुळगावचा. आत्मविश्वास दांडगा. नाटकातल्या अडाणी आजोबाचं काम संदीपकडे होतं, कापसाच्या दाढीसकट. नात राजसी होती.

“राजसी, सॉरी यार, तू वाडीतली वाटतच नाहीस,” रूपेश म्हणाला. “तू मॉलमधून आल्यासारखी वाटतेस. प्रगती, तू कर ना. फक्त जरा गावठी बोल. आजोबा मला शाळेत जाऊ द्या, एवढंच आहे.”

प्रगतीनं एकदा धाकलूकडे पाहिलं. तो दोरी वळण्यात गुंग असल्याचं दाखवत होता.

“आजा, मला साळंत जायाचा हाय,” ती म्हणाली.

“नाही, नाही. असं कोण बोलतं? ‘म्या साळंला जानार हाय जी!’ असं बोल. जेन्युइन वाटलं पाहिजे.”

“इथे असं नाही बोलत पण.”

“तुला काय माहीत? माझं तिसरं शिबिर आहे इकडे.”

पायरीवर बसलेल्या चार-पाच बायका पदर तोंडावर घेऊन उठल्या आणि शाळेच्या मागे गेल्या. हसू दाबण्याच्या कामात ती वाडी तोवर तरबेज झाली होती.

सकाळी समारोप. नाटकाला लुगडं हवं होतं. रूपेशनं प्रगतीला सांगितलं, “त्या आजीकडून माग, आणि नेसवायला पण सांग त्यांना. तुला जमणार नाही.” मी तेव्हा नवसीच्या अंगणात चहा घेत होतो. नवसीनं नातीला वाडीच्या पद्धतीनं, गुडघ्याच्या वर, लुगडं नेसवलं. गाठ मारताना एवढंच म्हणाली, “बारीक झालीस.” तेही कुडाकडे बघून. प्रगती म्हणाली, “थँक्यू आजी.” बाहेर येताच रूपेशनं ते लुगडं उगाच गुडघ्याखाली ओढायला लावलं. त्याच्या मते आधी ते नीट नव्हतं.

नाटक सुरू झालं. ते वाडीला पाठ आहे. कुठे हसायचं, कुठे गंभीर व्हायचं, कुठे टाळ्या, सगळं बसलेलं. अडाणी आजोबा ओरडतो, तिथे पोरं ओठांनी संवाद म्हणतात. संदीपनं काठी आपटली आणि तो गरजला, “पोरीच्या जातीला शिकवून काय करायचंय? लाकडं कोण आणणार? नाही म्हणजे नाही!”

आता प्रगतीचं वाक्य होतं.

तिची नजर पहिल्या रांगेत बसलेल्या धाकलूकडे गेली होती. धाकलू ठरल्याप्रमाणे अनोळखी चेहरा करून बसला होता. दरवर्षी तो या जागी मान हलवून ‘चुकलाच तो आजा’ असं दाखवतो. ती मान त्यानं यंदाही हलवली.

“म्या साळंला...” रूपेशनं बाजूनं आठवण करून दिली. “बोल ना!”

“नाही बोलणार,” प्रगती म्हणाली. मोठ्यानं. वक्तृत्व मंडळाच्या आवाजात. “हे वाक्य मला कधी बोलावंच लागलं नाही. मी शाळा चुकवून करवंदं काढायला पळाले, तेव्हा माझा आजा मला खांद्यावर घालून परत घेऊन आला, आणि मी त्याच्या कानाला चावले. तो बघा तो, पहिल्या रांगेत.” आणि मग तिच्या भाषेत, हळू, “आजा, मान नको हालवू.”

कोणाला काय करावं ते कळेना. पाठ असलेल्या नाटकात हे नव्हतं. देवदत्त सर घाईनं उभे राहिले आणि पुन्हा बसले. कुत्रं उठून तिच्या पायाशी गेलं.

धाकलू उभा राहिला. शब्दाचा पक्का माणूस. सगळ्यांदेखत त्यानं विचारलं, “परगते, आता वळखू का?”

तिनं होकारार्थी मान डोलावली.

नवसीनं मात्र परवानगीची वाट पाहिली नव्हती. ती नातीजवळ पोचली होती आणि रूपेशनं बिघडवलेलं लुगडं पुन्हा वर खोचून देत होती.

“थांब,” राजसी म्हणाली. “तुझं घर हे समोर? आणि तू त्या खिडकीपाशी माझ्याबरोबर कुडकुडत झोपलीस? वेडी आहेस का? मला पण नेलं असतंस ना!” आणि मग एकदम, “तो कालचा वास!”

लोक हसले. प्रगतीही हसली. मला वाटतं, तिला ज्याची भीती होती ते राजसीच्या बाजूनं तरी तिथेच संपलं. रूपेश तेवढा निळ्या कपाळानं उभा होता.

“तू काल बोलली का नाहीस?”

“तुझं तिसरं शिबिर होतं ना.”

त्यानं टोपी काढली. “बरं, मग ते वाक्य खरं कसं म्हणायचं?”

“म्हणायचं नाही. काढून टाक.”

देवदत्त सरांना तोवर सगळं उमगलं होतं आणि जरा जास्तच उमगलं होतं. डोळे पुसत त्यांनी माइक घेतला. “हीच ती निरागस बालिका!” ते म्हणाले. “मित्रहो, हेच आमच्या मंडळाच्या कार्याचं फळ! त्या एका साबणाच्या वडीपासून सुरू झालेला हा प्रवास! तो फोटो आपण आणखी मोठा करू, प्रवेशद्वाराशी लावू...”

प्रगतीचा चेहरा पुन्हा बदलला. हेच, हेच तिला नको होतं. पण ती खाली बसली नाही.

“सर, साबण मला आवडला होता,” ती म्हणाली. “पण मला इथवर आजानं आणलं. फोटो लावायचा तर खाली नाव लिहा. प्रगती वारघडे, करवंदवाडी, वक्तृत्व मंडळ. नाहीतर काढून टाका.”

सर थबकले. माझ्या माहितीत ते पहिल्यांदाच वाक्याच्या मध्ये थांबले. नंतर म्हणाले, “लिहू. नाव आधी लिहायला हवं होतं.” आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं. सज्जन माणूस, सांगितलंच आहे.

टाळ्या पडल्या, ठरलेल्या नसलेल्या. सरांना भरून आलं. ते धाकलूकडे वळले. “धाकलूजी, आज आभार तुम्ही मानायचे नाहीत, आम्ही मानणार. इतकी वर्षं आम्ही ठरवून आलो, आज तुम्ही मागा. रस्ता म्हणा, ग्रंथालय म्हणा, मी प्राचार्यांशी भांडेन. मागा, काय हवं ते मागा!”

एका मुलीनं मोबाइल वर धरला.

धाकलूनं शाळेकडे पाहिलं, मग नातीकडे, मग थोडा वेळ स्वतःच्या पायांकडे.

“मोठा काय नाय सर,” तो म्हणाला. “तेवढा पुढल्या साली रंग देऊ नका. थरांनी खिडकी लागत नाय. वाईच खरवडून दिलीत तं बरा हुईल.”