निळा बोळा

सिझरनंतर राजेश्वरीची लघवी गळतच राहिली. सासूनं, मुक्ताबाईंनी, त्यावर उपाय काढला: सुनेचं पाणीच तोडलं. जणू बाई नव्हे, गळका नळच! बाळंतिणीच्या खोलीत तांब्यासुद्धा ठेवीनात. तरी गोधडी ओली ती ओलीच, वर वास दुप्पट.

शेवटी बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या मूत्राशयात निळं औषध सोडलं. योनिमार्गात ठेवलेला कापसाचा बोळा निळा होऊन निघाला.

"लघवीच्या पिशवीला भोक पडलंय. ऑपरेशन करून बुजवू. तोवर हिला भरपूर पाणी पाजा. पाणी तोडून भोक बुजत नसतं, मावशी."

"व्हय व्हय," मुक्ताबाई म्हणाल्या.

बाहेर येताच राजेश्वरीनं पाण्याच्या बाटलीकडं हात नेला.

"हितं नगं. गाडी भिजवशील," म्हणत मुक्ताबाईंनी बाटलीचं झाकण आणखी घट्ट पिळलं.