कालीबाईच्या नावाचा गूळ

"जमला! जमला!" गर्दी ओरडली. थाळीतला गूळ घट्ट झाला, म्हणजे रूपीबाई सुटली. आधी गंगीबाई अशीच सुटली होती. आता तिसऱ्या कढईवर कालीबाईचं नाव घेतलं गेलं, आणि म्हसावदजवळच्या प्रेमचंद पाटलांच्या गुऱ्हाळावर सगळे कढईभोवती सरकून बसले.

यंदा पाटलांचा गूळ काही केल्या जमत नव्हता. साच्यातून नुसती काकवी ओघळायची. म्हणून त्यांनी दलपतबुवाला बोलावलं. बुवाचं निदान तयारच होतं: गुऱ्हाळावरच्या कुणा डाकिणीने रसाची गोडी खाल्ली. कामाला बायका तीन. एकेकीच्या नावाने रस आटवायचा, त्यात मूठभर अंगारा टाकायचा. जिचा गूळ जमणार नाही, ती डाकीण. तिला आजच गावाबाहेर हाकलायचं. काठ्या आधीच कुडाला टेकवून ठेवल्या होत्या! रस मात्र शेजारच्या उदेसिंगच्या मळ्यातला, कारण देवीला म्हणे 'कोरा रस' लागतो.

"देवी उतरली रे रसात! खऱ्याची ढेप होईल, खोट्याचं पाणी होईल!" बुवा डोळे फिरवीत ओरडला. देवीला दुसरा उद्योगच नाही जणू.

कालीबाईचा पाक थाळीत ओतला. निवला, तरी वाहतच राहिला.

"हाईच डाकीण शे!" लोक काठ्यांकडे धावले.

"मी काय करं, मास्तर?" कालीबाई माझ्याकडे बघून रडू लागली. "मी तं चुलाणले चिपाडं वाहस!"

मी गावच्या शाळेत शास्त्र शिकवतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरळ थाळीत बोट घातलं.

"मास्तर, तोंडले लावू नका!" पाटील किंचाळले. "डाकीणनी नजर शे त्याले!"

इथेच तर बुवाचं फावलं होतं. डाकिणीच्या नजरेचं कुणी चाखत नाही. मी चाखलं. खारट! थुंकलो आणि बुवाच्या झोळीत हात घातला. आत दोन पुरचुंड्या निघाल्या. एकीत नुसती राख, दुसरीत राखेत कालवलेलं मीठ.

बुवा निसटू लागला. उदेसिंगने त्याला खाली दाबून बसवलं. मी पुन्हा दोन कढया चढवल्या. कालीबाईच्या नावाने राख टाकली, दलपतबुवाच्या नावाने मीठ. कालीबाईचा गूळ जमला. बुवाचा वाहत राहिला.

"बघा, तुमच्याच परीक्षेत डाकीण कोण ठरलं!" मी ओरडलो. "अरे, रस आटला की पाणी उडतं, साखरेचे कण एकमेकांना धरतात आणि गूळ जमतो. मीठ विरघळलं की ते पाणी धरून ठेवतं, सुटू देत नाही. मग साखर त्या पाण्यातच अडकून राहते. पाटील, तुमचा ऊस यंदा नव्या विहिरीवर वाढला ना? कसं आहे तिचं पाणी?"

पाटलांनी मान खाली घातली. "खारं शे. बैल बी पेत नही."

"तेच मीठ तुमच्या उसात उतरलं, म्हणूनच बुवाने रस उदेसिंगचा घेतला! बैलाने तोंड फिरवलं ते तुम्हाला दिसलं, आणि तरी तुम्ही एका विधवेवर काठ्या उगारायला धावलात! तिच्यामागे कुणी नाही म्हणूनच बुवाने तिला निवडलं. लाज वाटू द्या! कुणी चमत्कार दाखवला तर आधी चाखा, तपासा, पुन्हा करून बघा. मग हात उचला."

"चूक व्हई गयी, कालीबाई," पाटील अखेर पुटपुटले.

डोळे पुसून ती कुडाशी गेली, सगळ्या काठ्या उचलल्या आणि चिपाडांसारख्या एकेक करून चुलाणाच्या जाळात घातल्या.