अर्धं चाक

“अहो, दार उघडू नका म्हटलं ना! गार वारा आत येतो,” सुरेखाने काचेवर बोट वाजवलं आणि ती पुन्हा बर्फात गुडघे टेकून बसली.

कोंबिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानाच्या पार्किंगमध्ये लाल गाडी उभी होती. दोनच माणसांची, बुटकी, पोट जमिनीला टेकवून बसलेल्या मांजरासारखी. टोकियोहून पहाटे निघाले तेव्हा रस्ता कोरडा खडखडीत होता. फुकुशिमा मागे पडलं आणि पहिले कण काचेवर आले. सेंदाईला महामार्ग सोडून डोंगराकडे वळेपर्यंत झाडं, छपरं, विजेच्या तारा, सगळं कुणी पिठी चाळल्यासारखं पांढरं झालं होतं. आता फक्त शेवटचा चढ उरला होता. वर कोमात्सु-सान वाट पाहत होत्या. आजपासून गाडी त्यांची.

सुरेखाच्या हातात जाड काळ्या कापडाचा मोजा होता. माणसाचा नव्हे, चाकाचा. लोखंडी साखळ्या या गाडीला चालत नसत. चाक आणि वरचा पत्रा यांत बोट शिरायचं नाही, साखळी कुठून शिरणार? म्हणून हे कापडी मोजे. अर्धा मोजा चाकावर वरून चढवायचा, गाडी अर्धं चाक पुढे घ्यायची, मग खालचा भाग वर आला की उरलेला ओढून घ्यायचा. सुरेखा मोजा चढवी, उठून आत बसे, गाडी दोन हात पुढे घेई, पुन्हा बाहेर येऊन गुडघे टेकी. हातमोजे भिजले होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघेही काहीबाही बोलत होते.

आत हरीश तोंड फिरवून बसला होता.

ते तोंड फिरवणं तिच्या ओळखीचं होतं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्याच्या हातातला चहाचा कप आपोआप कलंडला आणि डावा हात, डावा पाय तेव्हापासून त्याचे असून नसल्यासारखे झाले. आता काठी घेऊन चालायचा, जेवायचा, पेपर वाचायचा. पण मोजे मात्र घालता येत नसत. टोकियोतल्या ओजिमाच्या आठव्या मजल्यावरच्या घरात रोज सकाळी तो पलंगाच्या कडेला बसे, सुरेखा खाली बसून त्याच्या पायात मोजे घाली, आणि तेवढा वेळ तो खिडकीबाहेर पाहत राही. बाहेर समोरच्या इमारतीची वाळत घातलेली पांघरुणं सोडली तर पाहण्यासारखं काही नव्हतं. तरी तो पाहत राही.

हरीश मुंबईच्या एका ट्रेडिंग कंपनीकडून तीन वर्षांसाठी जपानला आला आणि सव्वीस वर्षं राहिला. बंदरावर येणाऱ्या मालाची कागदपत्रं तपासायची, शिक्का मारायचा, पुढची फाइल. त्याच्या नावाने कधी काही अडलं नाही, आणि म्हणूनच कुणाला ते नाव आठवतही नसे. अशा माणसाने एका रविवारी कुणाला न विचारता ही जुनी लाल गाडी आणून दारात उभी केली. सुरेखा पदराला हात पुसत खाली आली होती.

“दोनच सीट? आणि कौमुदीला काय डिकीत बसवायचं?”

“एकेकीला फिरवीन की. आधी तिला, मग तुला.”

“मला नको. तुम्ही आणि तुमची ही… सवत!”

नाव पडलं ते पडलंच. सुरेखाच्या आईला जात्यावरच्या ओव्या येत, आणि सुरेखाला त्यांची चाल येत असे. शब्द ती आपले घालायची. हरीश रविवारी गाडी पुसायला निघाला की ती भांडी घासता घासता मुद्दाम मोठ्याने म्हणायची,

*सवत आणली बाई, लाल तिचा गं पदर*
*माझ्या धन्याची तिच्यावर, माझ्यापरीस नजर*

त्यांची छोटी कौमुदी टाळ्या वाजवायची. हरीश जिन्यातून ओरडायचा, “ऐकू आलं!” आणि परत आल्यावर सवतीच्या कौतुकाच्या गोष्टी सांगायला लागायचा, इंजिन असं, गिअर तसे. सुरेखा कुकरची शिट्टी मोजत बसायची. सवतीची कुळकथा कोण ऐकणार?

आणि तीच सुरेखा, डॉक्टरांनी हरीशला गाडी चालवायची मनाई केल्यावर, कौमुदीएवढ्या पोरांच्या वर्गात बसून क्लचच्या गाडीची परीक्षा देऊन आली. का, ते तिने सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. गाडी उभी राहून गंजते आहे हे दोघांना दिसत होतं. घ्यायला तयार झाल्या सेंदाईजवळच्या कोमात्सु-सान, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आणि सुट्टीत जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, ट्रक पाठवते, त्यावर चढवून आणू. कौमुदीही ओसाकाहून म्हणाली होती, “बाबा, ट्रकच बरा. मेंदोकुसाई होईल सगळं, उगाच कटकट.”

हरीश एवढंच म्हणाला होता, “वीस वर्षं तिनं मला नेलं. तिला बांधून, लादून नाही पाठवायची. आपल्या चाकांनी जाईल.”

म्हणून हे दोघे इथे होते. आज वर पोचता आलं नाही, तर तो ट्रक खाली याच कोंबिनीशी येणार होता.

“झालं,” सुरेखा आत बसली. हात चोळले. “दोन्ही पायांत मोजे. आता बघा कशी चढते तुमची बाई.”

गाडी रस्त्याला लागली. पहिलं वळण सरळ गेलं. दुसऱ्या वळणावर चढ उभा झाला, सुरेखाने जरा जोर दिला, आणि गाडीचं शेपूट अलगद, अगदी नाचात गिरकी घ्यावी तसं, उजवीकडे गेलं. समोर रस्त्याऐवजी बर्फाची भिंत आली. इंजिन गुरगुरलं, मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी आडवी उभी राहिली.

 वायपर दोनदा इकडून तिकडे गेले.

“सुरेखा,” हरीश हळूच म्हणाला, “मोजे कुठं घातलेस?”

“पायात. अजून कुठं?”

“कुठल्या पायात?”

“पुढच्या! वळायचं पुढच्यांनीच असतं ना? आपल्या पुण्याच्या गाडीला सगळी ताकद पुढंच होती. तुम्हीच म्हणायचात.”

“ती पुण्याची. हिची ताकद मागच्या पायांत आहे गं. वीस वर्षं सांगतोय. हिला मागून रेटा लागतो, सशासारखा.”

“मी कधी ऐकलं?”

“तेच तर!”

आधी त्याला हसू आलं, मग तिला. आडव्या गाडीत, बर्फाच्या भिंतीसमोर, दोघं डोळ्यांत पाणी येईतो हसली. हसताना त्याच्या ओठाची डावी कड अजून मागे राहत असे. पण हसू पूर्ण होतं.

उतरताना पुढचे मोजे कामी आले. ब्रेकवर पाय ठेवत, उलटं, इंच इंच सरकत ती दोघं पुन्हा कोंबिनीशी आली. सुरेखाने ओले मोजे सोडवले. तोवर फोन वाजला. कोमात्सु-सान विचारत होत्या, फार बर्फ आहे, ट्रक पाठवू का? अर्ध्या तासात येईल.

सुरेखाने फोन छातीशी धरून हरीशकडे पाहिलं. तिची बोटं लाल झाली होती, सुजली होती. हरीशने ती पाहिली.

“अर्धा तास मागून घे त्यांच्याकडून,” तो म्हणाला. “नाही जमलं तर ट्रक. मी काही बोलणार नाही.”

मग तो काठी टेकून बाहेर आला.

“अहो, पडाल!”

“पडलो तर बर्फात पडेन. मऊ आहे.” एका हाताने छताचा आधार घेत, बर्फात फरफटणारा पाय ओढत तो गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला आला. चालकाच्या बाजूला. “दर खेपेला उठ-बस करून तुझे गुडघे जातील. तू मोजा चढव. मी चाक फिरवतो.”

“डॉक्टरांनी…”

“डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलंय. इंजिन बंद आहे. जागा उताराची आहे. ही चालणार नाही, घरंगळणार आहे. कागदोपत्री बघशील तर चोख आहे.”

सुरेखाने दार उघडलं. तिने त्याला बसायला हात दिला, डावा पाय उचलून आत ठेवला. दोन वर्षांनी तो त्या सीटवर बसत होता. त्याने उजवा हात स्टिअरिंगवर ठेवला, लगेच नाही, आधी तळवा पँटला पुसून. उजवा पाय ब्रेकवर. हँडब्रेक डाव्या हाताला होता, तो सुरेखाने वाकून सोडला.

“धरलाय ना पक्का?”

“धरलाय. जा तू.”

तिने मागच्या चाकांवर अर्धे मोजे चढवले, आधी एकाला, मग दुसऱ्याला. या खेपेला बोटांना वाट माहीत होती. मग बाजूला झाली.

“सोडा!”

आतून काहीच झालं नाही. काचेतून तिला त्याचं डोकं दिसत होतं, जरासं पुढे झुकलेलं. गाडीवर बर्फाचे कण पडत होते, विरघळत होते. मग लाल गाडी निःशब्द हलली. घोंगडीवर झोपलेलं लेकरू कूस बदलतं तेवढीच. बर्फ चाकाखाली कुरकुरला. दोन हात पुढे गेली आणि थांबली, अगदी बरोबर, मोज्याचा मोकळा भाग वर आलेला.

“झालं का?” आतून आवाज आला.

“झालं. बरोब्बर अर्धं.”

“बघ. विसरलो नाही.”

ती उरलेले मोजे ओढत खाली बसली होती. वर पाहिलं नाही तिने; पाहावंसं वाटलं, तरी नाही. मोज्याची कडा चारी बाजूंनी नीट केली, थापटली. आत तो बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होता. तिने घाई केली नाही. कोंबिनीतून एक बाई गरम कॉफीचा डबा घेऊन बाहेर आली, यांच्याकडे पाहून मान लववून गेली.

चढ या वेळी गाडी मुकाट्याने चढली. हरीश पुन्हा डावीकडे बसून सांगत होता, “आता सोड… दाबू नकोस… हां, तिला तिचं करू दे.” आणि सुरेखा, आयुष्यात पहिल्यांदा, सवतीबद्दलचा शब्दन् शब्द ऐकत होती. वरच्या वळणावर तिच्या तोंडून नकळत चाल निघाली,

*लेक निघाली सासरी, वाट बर्फानं झाकली…*

दुसरी ओळ आली नाही. हरीशने वाट पाहिली. मग तोच म्हणाला, “सवत होती ना?”

“रस्त्याकडे बघू द्या मला,” सुरेखा म्हणाली.

कोमात्सु-सान फाटकाशी फावडं घेऊन उभ्या होत्या. चाळिशीच्या, गालांवर थंडीचे लाल डाग, अंगात तेलाचे डाग पडलेला डगला. त्यांनी आधी गाडीला वाकून नमस्कार केला आणि मग माणसांना. हरीशला ते फार आवडलं.

किल्ली देण्याआधी सुरेखाने पिशवीतून हिरवा खण काढला. सीटवर अंथरला. मूठभर तांदूळ, सुपारी, ओजिमाच्या दुकानातून आणलेला नारळ. हरीश पाहत राहिला; पिशवीत हे आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

“हे काय?” कोमात्सु-साननी विचारलं.

“आमच्याकडे मुलगी सासरी जाताना देतात,” सुरेखाने मोडक्या-तोडक्या जपानीत सांगितलं. “म्हणजे… नीट सांभाळा.”

कोमात्सु-सान दोन्ही हात जोडून वाकल्या, बराच वेळ. किल्ली हरीशने उजव्या हाताने दिली. डावा हातही जमेल तेवढा उचलून त्याखाली धरला, कारण इथे वस्तू दोन्ही हातांनी देतात.

घरात शिरायच्या पायरीवर त्याला बसवलं. डाव्या पायाचा बूट काढला तर आतला मोजा चिंब भिजलेला. कोमात्सु-साननी लोकरीची एक कोरडी जोडी आणून ठेवली आणि त्या गाडी आत घ्यायला गेल्या. बाहेर इंजिन सुरू झालं. सुरेखा खाली बसली. ओला मोजा सोलून काढला, गार पाऊल आपल्या तळव्यांत चोळलं, आणि कोरडा मोजा उघडून धरला. आता तो तोंड फिरवणार, तिला माहीत होतं. बाहेर पाहण्यासारखं तर आज खरंच होतं.

पण हरीश तिच्याकडेच पाहत होता.

“अर्धाच चढव,” तो म्हणाला.

“काय?”

“अर्धा तू. उरलेला मी ओढतो.”

तिने मोजा बोटांवरून टाचेपर्यंत आणला आणि हात मागे घेतले. हरीश वाकला. उजव्या हाताने मोज्याची कड धरून ओढू लागला. बाहेर गाडी हळूहळू गॅरेजमध्ये शिरत होती. आवाज भिंतीत गेला, बारीक झाला, थांबला. हरीशने मान वर केली नाही. त्याने मोजा पोटरीपर्यंत आणला, वर थापट मारली आणि श्वास सोडला.

टाच वाकडी बसली होती, घोट्याच्या बाजूला गेली होती. सुरेखाने ती सरळ केली नाही.