हरणीचा लिलाव

ब्रदर एलियांच्या अटी व्हॉट्सअ‍ॅपवर आधी आल्या. ते स्वतः आणि त्यांचा आशीर्वाद मागाहून यायचे होते. राहायला एसी खोली हवी. पाणी बाटलीबंद. कोंबडी गावरान, कारण ब्रॉयलरनं त्यांचा घसा बसतो आणि त्या घशावर हजारो आत्म्यांचं तारण अवलंबून आहे. सोनईजवळच्या गव्हाळीत एसी खोली कुठली मिळायला? शेवटी मंडळीच्या पंचांनी शिंगणापूरच्या रस्त्यावर, शनीच्या भाविकांसाठी बांधलेल्या लॉजवर खोली धरली. देशभरातली भुतं काढणारा माणूस शनीच्या वेशीत झोपणार याची कडूबाईला इतकी गंमत वाटली, की तिनं ती हापशावर सांगितली, गिरणीत सांगितली आणि बचतगटाच्या बैठकीत पुन्हा सांगितली. तिचा नवरा भागवत हाच पंचांचा म्होरक्या आणि त्यानंच ब्रदरांना बोलावलेलं, त्यामुळं सांगताना तिला जरा जास्तच रंग चढायचा.

गव्हाळीच्या ख्रिस्ती मंडळीत बाजरीची काढणी उरकली की कापणीचा सण होतो. ज्याच्या घरी जे पिकलं ते चर्चमध्ये वेदीपुढं आणून ठेवायचं. बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, एखादी कोंबडी. उपासना संपली की अंगणातल्या कडुलिंबाखाली त्याच वस्तूंचा लिलाव. हा लिलाव बाजारातल्यासारखा नसतो. इथं वस्तूची किंमत कुणी बघत नाही. एका लिंबासाठी चौघं चढाओढ करतात, जो जिंकेल तो पैसे देतो आणि लिंबू परत वेदीपुढं ठेवतो, की लगेच दुसरी बोली सुरू. गेल्या साली एक भोपळा असा फिरत फिरत वासराच्या किमतीला गेला. त्यातूनच चर्चचे पत्रे बदलले. कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला आणि तो ब्रदरांच्या मॅनेजरनं, विल्सननं पाहिला.

विल्सननं फोनवर सांगितलं की ब्रदर मानधन घेत नाहीत. वचन सांगायचे पैसे घेणं त्यांच्या मनाला पटतच नाही. फक्त सणाचं जे काही अर्पण येईल, लिलावासकट, तेवढं मंडळीनं त्यांच्या सेवेत पेरावं. भागवतला भरून आलं. एवढा मोठा माणूस आणि मानधन घेत नाही. त्यानं रविवारी हे मंडळीपुढं सांगितलं तेव्हा मागच्या सतरंजीवर बसलेली निकिता शेजारणीला म्हणाली, "दूध नको म्हणतोय, आन् म्हस सोडून नेतोय."

निकिता साळूबाईची सून. नवरा रविराज साखर कारखान्यात पाळीवर. सासरा आसारामबुवा तिनं फक्त फोटोत पाहिलेला, पण त्याच्या गोष्टी गावात अजून जिवंत होत्या. बुवा प्रभूच्या गोष्टी कीर्तनातून सांगायचा. सायकलवर टाळ बांधून घोडेगाव, नेवासा, पार शेवगावपर्यंत जायचा. कुणी हातावर काही ठेवलं तर म्हणायचा, मला हे कुणी विकत दिलं नाही, मग मी कसं विकू? भाकरी मात्र हक्कानं मागून घ्यायचा, वर ठेचा आहे का विचारायचा. अशा माणसाच्या घरात, त्याच्याच बायकोनं, पिवळा पास आणला.

पिवळा पास म्हणजे ब्रदर ज्यांच्या डोक्यावर स्वतः हात ठेवून प्रार्थना करणार त्यांचा. पास फुकट होता. फक्त पासवाल्यांनी "विशेष पेरणी" करायची होती. साळूबाईनं पेरणीत हरणी लिहून दिली होती. हरणी म्हणजे त्यांची शेळी, गाभण, पांढऱ्यावर तांबूस ठिपक्यांची.

आणि पास होता निकिताच्या लेकीच्या, शेरॉनच्या नावाचा.

शेरॉनला तिसरं सरलं होतं आणि ती बोलत नव्हती. निकितानं हाक मारली तर वळायची नाही, पण तव्यावर भाकरी टाकलेली दिसली की धावत यायची. डोळे एवढे बोलके की त्यांच्यापुढं बोलणं राहून गेलं असं वाटावं. तिचं जग म्हणजे हरणी. सकाळी उठली की हरणीच्या गळ्याला मिठी, दुपारी तिच्या पोटाला टेकून झोप. तिच्या तोंडातून एकच आवाज यायचा, "अर्र", तोही हरणीसाठी. गेल्या पावसाळ्यापासून सगळी आळी तो आवाज ओळखत होती. नगरच्या डॉक्टरबाईंनी कानाची तपासणी सांगितली होती, येत्या गुरुवारची तारीख होती. कदाचित यंत्र लावावं लागेल म्हणाल्या होत्या. निकितानं मनात सगळं जुळवलं होतं. हरणी व्याली की करडं विकायची, त्यातून नगरच्या खेपा आणि यंत्र करायचं, आणि हरणी लेकीपाशी राहील.

तिनं हे सासूला सांगितलं. साळूबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"आन् त्यांचा हात लागून बोलली तर?"

"आत्या, मामंजींनी कधी कुणाची शेळी नेली हुती का?"

"त्यांच्या हातानं कुणी बोललं बी न्हाई कधी," साळूबाई म्हणाली, आणि ताटातला खडा तिनं लांब फेकला.

ब्रदरावर निकिताचा काडीचा विश्वास नव्हता. पण लेकीला न्हाऊ घालताना, त्या इवल्या कानामागं साबण लावताना, तिचा हात थांबायचा. समजा खरंच काही झालं असतं आणि आपणच आडवं आलो असं पुढं जन्मभर वाटत राहिलं तर? सासू म्हणेल ते सोसता येईल. लेकीनं मोठी होऊन नुसतं बघितलं तर? त्या एका "समजा"पायी ती गप्प बसली. ब्रदरासारखी माणसं नेमकी तिथंच दुकान मांडतात, आईच्या त्या "समजा"मध्ये.

सणाच्या दिवशी ब्रदर उशिरा आले, पांढऱ्या गाडीतून, काळा चष्मा लावून. हरणी लिंबाला बांधली होती, तिच्या गळ्यात झेंडूची माळ. ब्रदरांनी प्रवचन केलं ते पेरणीवर. ज्या माणसाच्या नखात आयुष्यात माती गेली नसेल तो बाजरी पेरणाऱ्यांना पेरणी शिकवत होता. पैसे पेरा, म्हणाले, आठवड्यात उगवतील. मग त्यांनी पुण्यातल्या एका बहिणीची साक्ष सांगितली. तिनं विश्वासानं मंगळसूत्र अर्पण केलं आणि महिन्याच्या आत तिला फ्लॅट मिळाला. कडूबाईनं पदर तोंडाला लावून विचारलं, "आन् नवरा? त्यो मंगळसूत्राबरं गेला का फ्लॅटमदी आला?" मागच्या दोन सतरंज्या हलल्या. भागवतनं पुढून वळून डोळे वटारले. ते कडूबाईला कधीच लागू पडत नसत.

मग पिवळे पास पुढं बोलावले. एका म्हाताऱ्याचे गुडघे, एकीचं पोट, एका पोराची परीक्षा. विल्सन मोबाईलवर सगळं टिपत होता. शेरॉनची पाळी आली तशी साळूबाईनं तिला कडेवर घेतलं आणि निकिता बाजूला उभी राहिली. ब्रदरांनी एक हात लेकराच्या डोक्यावर ठेवला, दुसऱ्यात माईक होता. मुकेपणाच्या आत्म्याला ते असे खेकसले की शेरॉन सोडून सगळी लेकरं रडायला लागली. शेरॉन त्यांच्या चकचकीत घड्याळाकडं बघत होती. निकिताचे ओठ आपोआप हलायला लागले. ती काय मागत होती तिचं तिलाही कळत नव्हतं, पण मागत होती. एवढ्या गर्दीत, एवढ्या कर्कश आवाजात, तिनं खरोखर डोळे मिटून मागितलं.

ब्रदरांनी माईक शेरॉनच्या तोंडापाशी धरला. "बोल बेटा. प्रभूचं नाव घे."

शेरॉननं तोंड फिरवलं. दारातून लिंब दिसत होता, लिंबाखाली हरणी माळेतली फुलं खात होती. लेकराचा चेहरा उजळला. तिनं हात पुढं केले आणि माईकमध्ये, सगळ्या चर्चभर घुमेल असं म्हणाली, "अर्र."

"बोलली!" ब्रदरांनी हात वर केले. "मुकं लेकरू बोललं! टाळ्या वाजवा प्रभूसाठी!"

विल्सननं टाळ्या वाजवल्या. त्याच्याबरोबर आलेल्या दोघांनी वाजवल्या. भागवतचे हात वर आले आणि हवेतच थांबले, कारण बाकी कुणाचेच हात हलले नव्हते. सगळं गव्हाळी ते "अर्र" रोज ऐकत होतं. ब्रदर माईकवर सांगत होते की हे लेकरू जन्मल्यापासून एक आवाज काढू शकलं नव्हतं, आणि ज्यांच्या अंगणात ते रोज शेळीला हाका मारत हिंडायचं ती माणसं त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

निकितानं डोळे उघडले. तिचं "समजा" तिथंच, माईकच्या त्या खरखरीत, विझलं होतं. वाईट वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सगळ्यात वाईट तिला सासूकडं बघून वाटलं. साळूबाईच्या चेहऱ्यावर कुणीतरी चिखल मारावा तसं झालं होतं. तिनं नातीला छातीशी धरलं. ब्रदरांचा माईक तिच्याजवळच होता म्हणून तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं.

"ती शेळीला बोलावतीय, साहेब."

ब्रदर हसले, तिच्या विश्वासाच्या बारक्या दिव्याबद्दल काहीतरी बोलले आणि समाप्तीची प्रार्थना घाईनं उरकली. लिलावाची वेळ झाली होती.

लिंबाखाली वस्तू मांडल्या. लिलाव दरवर्षी भागवत करायचा, पितळी ताट आणि उलथनं घेऊन. तीन हाका द्यायच्या, वर कुणी चढलं नाही तर ताटावर टोला. ब्रदर खुर्चीत, विल्सन त्यांच्या मागं पैशाची बॅग उघडून. भागवतनं गेल्या सालच्यासारखाच भोपळा आधी उचलला.

"बोला मंडळी, प्रभूच्या भोपळ्याला काय देता?"

कुणी काही देत नव्हतं. एरवी भोपळा उचलायच्या आत बोली पडायची. बाया पदर नीट करत होत्या, पुरुष आभाळात पाऊस शोधत होते, काढणीनंतरच्या कोरड्या आभाळात. भागवतनं भोपळा खाली ठेवला आणि लिंबू उचललं. लिंबाचंही तेच. घाम पुसत त्यानं बायकोकडं बघितलं. कडूबाई त्याच्याकडं एकटक बघत होती, आणि यावेळी तिच्या तोंडावर गंमत नव्हती.

विल्सन पुढं आला. शेळी आधी घ्या, म्हणाला, मोठी वस्तू निघाली की बोली खुलते. भागवतनं हरणीचा कासरा हातात घेतला. शेरॉन आजीच्या कडेवरून उतरली आणि पळत जाऊन हरणीच्या गळ्यात पडली. निकिताला वाटलं, आता कुणीतरी बोली लावेल. गावात शेळीची हाव नसलेला माणूस कोण? गाभण शेळी, फुकापासरी मिळेल, एखाद्यानं तोंड उघडलं की संपलं. तिच्या हातात पैसा नव्हता. पिशवीत फक्त वेदीपुढं ठेवायला आणलेली आणि गोंधळात राहून गेलेली बाजरी होती.

"मूठभर बाजरी," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

विल्सन हसला. लिलाव पैशात असतो म्हणाला, धान्यात कसला. भागवतनं उलथनं नीट धरलं. मग म्हणाला, "आमचं चर्च घरोघरच्या मूठभर पिठावरच उभं हाय, साहेब. हितं मूठ कधी कुणी परत लावली न्हाई." आणि त्यानं आवाज चढवला, "मूठभर बाजरी, एक."

निकितानं कुणाकडं बघितलं नाही. फक्त लेकीच्या पाठीकडं बघत राहिली.

"मूठभर बाजरी, दोन."

मागं कुणाचं तरी तान्हं कुरकुरलं, आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. जणू तेही बोली लावेल.

"तीन." ताटावर टोला बसला, आणि भागवतनं तो जरुरीपेक्षा फार जोरात मारला.

पुढचं सगळं भराभर झालं. भोपळा एका कांद्याला गेला. कोंबडी अंड्याला गेली, अंडी चिमूटभर मिठाला. कडूबाईनं लिंबू आपल्या पायातल्या तुटक्या चपलेला घेतलं, आणि बोली रास्त आहे का ते नवऱ्याला विचारलं. ठरल्याप्रमाणं लिलावाचं सगळं उत्पन्न ब्रदरांच्या सेवेत पेरलं गेलं. पंचांनी ते टोपल्यात भरून पांढऱ्या गाडीच्या डिकीत स्वतः नेऊन ठेवलं, चपलेसकट. ब्रदर जेवायला थांबले नाहीत. त्यांच्यासाठी शिजवलेली गावरान कोंबडी पोरांनी खाल्ली.

परतताना साळूबाई पुढं, कासरा तिच्या हातात. संध्याकाळी भाकरीला बसली तेव्हा रोजच्यासारखं पीठ मळायच्या आधी एक मूठ काढून तिनं पाळकाच्या डब्यात टाकली. मंडळीचे धर्मगुरू, सोनईचे पाळक, महिन्याला फटफटीवर येऊन हे डबे गोळा करत. आज एवढं होऊनही सासूनं मूठ काढली, हे निकिता बघतच राहिली. सासू तिच्याकडं न बघता म्हणाली, "काय बघतीस? त्याच्या पोरांना खायाला लागत न्हाई व्हय? त्यो मागून खातो, इकून न्हाई."

मग तवा चुलीवर ठेवत तिनं विचारलं, "गुरवारी नगरची गाडी किती वाजता हाय? मी बी येनार. मला बघायचंय, त्या मशिनीतनं तिला हरनीचा आवाज येतो का."

बाहेर अंगणात शेरॉननं हरणीच्या गळ्यातली उरलेली माळ काढून स्वतःच्या डोक्यावर ठेवली होती. हरणी ती तिथूनही खायच्या बेतात होती.