काळं झबलं, पांढरा हलवा

अबोली झोपली, की गंधालीची शाळा भरायची. मुलुंड पूर्वेच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, अजून वर्षाचीही न झालेली पोर दुपारी जेवढा वेळ डोळे मिटेल, तेवढाच शाळेचा वेळ. घंटा अबोलीच्या हातात. एका कानात इअरफोन, दुसरा कान पाळण्यासाठी मोकळा, आणि मांडीवर आधी कुणीतरी वापरून विकलेला, पट्टा विरलेला कॅमेरा. मोबाइलवरच्या व्हिडिओतले सर जे सांगतील ते ती लगेच करून बघायची. पोर एका जागी बसत नाही, म्हणून लसणीच्या पाकळ्यांचे फोटो. खिडकीतल्या तांब्याचे फोटो. वाळत घातलेल्या लंगोटांतून गाळून येणाऱ्या उन्हाचे फोटो. एकदा सासूबाईंनी निवडायला घेतलेल्या मेथीला तिने असं काही चारी बाजूंनी टिपलं, की कुंदाताई म्हणाल्या, "भाजी करायचीय गं तिची, लग्न नाही जमवायचं."

तरी हसायच्या त्या. सून बाळंतपणानंतर कितीतरी दिवस गप्प गप्प होती, ती या काळ्या डब्याला डोळा लावल्यापासून बोलायला लागली होती, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

संक्रांत जवळ आली तशी बोरन्हाणाची बोलणी निघाली. निहार डबा भरता भरता म्हणाला, "पहिलं बोरन्हाण आहे. एखादा फोटोग्राफर बोलवू या का?"

"का? मी काय मेलेय?" गंधाली म्हणाली.

"अगं, तू आई आहेस. तुला बाळाला धरायचं असणार."

"बाळाला तू धर. तुझीही आहे ना ती?"

"वाट लागली," निहार पुटपुटला. "आई, तू सांग हिला."

कुंदाताई परातीत काहीतरी फिरवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काढू दे की तिला. फक्त एक सांगते गं गंधाली, मार्तंडभावोजींसारखं करू नकोस म्हणजे झालं."

मार्तंडभावोजींची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. निहारच्या बोरन्हाणाला त्या वेळच्या शेजारच्या मार्तंड परांजप्यांनी नवाकोरा कॅमेरा गळ्यात घालून सगळी संध्याकाळ फोटो काढले होते. "इकडे बघा, हसा, वहिनी जरा डावीकडे," असं करत सगळ्यांना नाचवलं होतं. रोल धुवायला दिला तेव्हा कळलं, की तो आत चक्रीत अडकलाच नव्हता. कॅमेरा खटखट वाजत राहिला आणि रोल होता तिथेच. कुंदाताईंनी हातांनी केलेल्या हलव्याच्या दागिन्यांतला तान्हा निहार कुणाला पुन्हा दिसला नाही. भावोजी बिचारे पुढे कितीतरी दिवस जिन्यात भेटले तरी खाली बघत चालायचे.

आता परातीत फिरत होता तो नातीच्या दागिन्यांचा हलवा. बाजारात तयार दागिने ढिगाने मिळत होते, पण कुंदाताईंना ते पटायचं नाही. पहाटेच्या गारव्यात, मंद आचेवर परात ठेवून, त्यात खसखशीचे दाणे घालून, चमच्याने पाक थेंब थेंब सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचं. ऊन वर आलं, दमटपणा वाढला, की काम बंद. दुसऱ्या पहाटे पुन्हा. असं रोज करत करत दाण्याला काटा फुटतो. हल्ली त्यांची बोटं सांध्यांत सुजायची. मध्येच थांबून त्या हात झटकायच्या, आणि गंधालीने "अहो आई, राहू द्या ना," म्हटलं की म्हणायच्या, "हेच शेवटचं. पुढच्या नातवंडाला विकतचे घाला. हिचे मात्र मला बघायचेत. म्हणजे, नंतरसुद्धा बघायचेत."

कारण दागिने ठेवायचे नसतात. बोरन्हाण झालं, की तिथेच दोरा तोडून जमलेल्या पोरांच्या ओंजळीत हलवा घालायचा, हा त्यांच्या घरचा रिवाज. दागिना खाऊन संपला पाहिजे. मागे उरायचा तो फोटो. मागच्या वेळी तोही उरला नव्हता.

बोरन्हाणाच्या दिवशी सकाळी कुंदाताईंनी पलंगावर पांढरी चादर पसरली, म्हणजे दाणा सुटला तर दिसेल, आणि मुकुट आणि हार नीट बसतात का ते बघायला अबोलीला चादरीवर बसवलं. पोर अजून घरच्या पांढऱ्या झबल्यात. पूर्वेच्या खिडकीतून तिरकं ऊन आलेलं. गंधालीने घाईघाईत एक फोटो काढला, पडद्यावर बघितला. काळोख. "हॅट," म्हणून तो काढून टाकणार तोच अबोलीने मुकुटाला हात घातला, कुंदाताई ओरडल्या, आणि गंधाली कॅमेरा गादीवर टाकून धावली.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. संक्रांतीचं म्हणून सगळ्यांच्या अंगावर काळं. कुंदाताई चंद्रकळेत, वरच्या मजल्यावरची मानसी काळ्या सलवार-कुडत्यात, निहार काळ्या शर्टात, आणि मध्ये पाटावर काळ्या झबल्यातली अबोली, डोक्यावर मुकुट, गळ्यात हार, दंडावर बाजूबंद, कमरेला पट्टा. औक्षण झालं. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या यांचा वर्षाव झाला, आणि सोसायटीतली पोरं अशी तुटून पडली, की अबोली आधी दचकली आणि मग खदखदून हसली. गंधाली गुडघ्यांवर, पोटावर, एकदा चक्क टेबलाखाली जाऊन फोटो काढत होती. मानसीने मागून डोकावून छोट्या पडद्यावर बघितलं. "झकास गं! चेहरे काय उजळ आलेत सगळ्यांचे!"

मग दोरे तुटले. मुकुट गेला, हार गेला. कुंदाताईंनी शेवटचा बाजूबंद स्वतःच्या हाताने तोडून मानसीच्या मुलीच्या ओंजळीत टाकला, आणि लगेच सुनेकडे वळून विचारलं, "आले ना सगळे?"

"आले, आई. सगळे आले."

दुसऱ्या दिवशी दुपारी अबोली झोपली, आणि गंधालीने फोटो लॅपटॉपवर घेतले. संध्याकाळचा पहिला मोठा केला. दुसरा. तिसरा. पुढचे पुढचे नुसते भराभर सरकवले, थेट शेवटच्यापर्यंत.

चेहरे उजळ होतेच, फार उजळ होते. काळी चंद्रकळा राखाडी दिसत होती, आणि हलव्याच्या जागी होते पांढरे पट्टे. मुकुट म्हणजे पांढरा डाग, हार म्हणजे खडूने ओढल्यासारखी रेघ. काटा कुठेच नाही, दाणाही नाही. तिने प्रकाश कमी करून बघितला. पांढऱ्याचा मळकट राखाडी झाला, एवढंच. फाजील उजेडाने जे जळून गेलं होतं तिथे काही नव्हतंच.

हे झालं कसं ते शोधताना तिला सरांचा तो अर्धा सोडलेला व्हिडिओ आठवला. बर्फात फोटो कसे काढावेत, असा होता. मुलुंडला कुठे बर्फ पडतो, म्हणून तिने तो बंद केला होता. आता लावला. सर शांतपणे सांगत होते, की कॅमेऱ्याला समोरचं सगळं जग मध्यम करड्या रंगाचं हवं असतं. समोर पांढरंच पांढरं असेल, तर त्याला वाटतं फार उजेड झाला, आणि तो फोटो काळवंडतो. समोर काळंच काळं असेल, तर त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो उजेड वाढवत सुटतो. अशा वेळी त्याचं ऐकायचं नाही.

घरभर काळे कपडे घालून आम्ही त्याला फसवलं, असं तिच्या मनात आलं. हसू काही आलं नाही.

"आले का गं लॅपटॉपवर?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"येतायत," ती म्हणाली. ते तिचं तिलाच ऐकवेना. संध्याकाळी पुन्हा विचारतील, उद्या विचारतील, आणि आपण जिन्यात खाली बघत चालणार. घरातल्या घरात जिनाही नाही. ती उठली, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"आई, दागिने आले नाहीत."

कुंदाताईंच्या हातातलं फडकं थांबलं. "म्हणजे?"

"फोटो आहेत, पण हलवा दिसत नाही. नुसतं पांढरं झालंय. चूक माझी आहे. निहार म्हणत होता ते ऐकायला हवं होतं."

कुंदाताई हात पुसत आल्या, लॅपटॉपसमोर बसल्या, चष्मा लावला. एकेक फोटो बघत गेल्या. "निहार छान दिसतोय," म्हणाल्या. आणखी दोन बघितले. "मानसी जाडी झाली गं." मग एका फोटोवर मुकुटाच्या जागी त्यांनी बोट टेकवलं आणि उचललं. ते बोट सांध्यात लाल होतं. गंधालीला तिथे बघवेना.

त्या शेवटच्या फोटोपासून उलट्या, मागे मागे जात होत्या, आणि सगळ्यांत पहिल्यावर येऊन अडल्या. "हा काळा काय आहे?"

"तो सकाळचा. फुकट गेलाय. काढूनच टाकायचा राहिला."

"थांब. हा माझा हात ना?"

गंधालीने वाकून बघितलं. काळोखात खरंच काहीतरी होतं. पांढरी चादर, पांढरं झबलं, खिडकीचं ऊन. तिला सरांचं आत्ताच ऐकलेलं वाक्य आठवलं. काळवंडतो, म्हणाले होते. जळतो असं म्हणाले नव्हते. तिने उजेडाची पट्टी धरली आणि हळूच उजवीकडे ओढली.

आधी चादर वर आली. मग अबोलीचा गाल, मग त्याच्याशेजारी कुंदाताईंची बोटं, मुकुट दोन्हीकडून धरलेली. आणि मुकुट. खिडकीतलं ऊन तिरकं होतं, त्यामुळे प्रत्येक दाण्याच्या एका बाजूला छोटीशी सावली पडली होती, आणि त्या सावलीतून काटा न् काटा उभा राहिला होता.

"अगंबाई," कुंदाताई म्हणाल्या.

गंधाली तिथेच, फरशीवर बसली.

"अजून मोठं कर. अजून. हा बघ, हा दाणा. हा शेवटच्या पहाटेचा, याला सगळ्यांत चांगला काटा आलाय." त्या पडद्याला नाक लावून बघत होत्या. "आणि माझं नख बघ! पाक लागलेला आहे तसाच. नीट हात तरी धुवायचे होते."

"हार पण आहे, आई. बघा, झबल्यावर. बाजूबंद मात्र नाहीत."

"नसू देत. ते घालून बघितलेच नव्हते तेव्हा." त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, डोळेही त्याच पदराने पुसले आणि पुन्हा लावला. "रडतेस काय गं? आलाय की."

"तुम्हीसुद्धा रडताय."

"माझं वय झालं. तुझं काय?"

दोघी हसल्या, आणि त्या आवाजाने पाळणा हलला. आतून एक लांबलचक जांभई, मग कुरकुर. शाळा सुटली. गंधाली अबोलीला उचलून घेऊन आली, तेव्हा कुंदाताई स्वतःचा मोबाइल हातात घेऊन बसल्या होत्या.

"यावर पाठव तो फोटो. आणि मला दाखव, भावोजींना कसा पाठवायचा ते."

"मार्तंडकाकांना? ठाण्याला?"

"हो तर. अजून माझ्याशी बोलताना आधी माफी मागतात रे देवा." त्यांनी नातीच्या गालाला बोट लावलं, आणि मोबाइल सुनेपुढे धरला. "फोटोखाली लिही, भावोजी, या खेपेला रोल सरकला."

फोटो येताच अबोलीने झडप घालून मोबाइल पकडला आणि पडद्यावरचा मुकुट ओरबाडायला लागली. कुंदाताई सवयीने ओरडल्या. मग लक्षात आलं, तसा त्यांनी मोबाइल तिच्या हातात तसाच राहू दिला.