दे आर फाइन

"आई, तुम्ही तोंडानं काय बोलू नका. मुलगा असला तर नुसती मान हलवा. बस!"

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर केतननं सासूला गाठून हळूच सांगितलं. जावई उरणकडचा, ट्रेलरच्या धंद्यातला, बोलायला गोड. दोन मुलींनंतर बायकोला, प्राप्तीला, पुन्हा दिवस गेले आणि हा तिला घेऊन थेट म्हसळ्याला आला. का, तर सासू मशीनपाशीच उभी असते! घरचंच माणूस आत असल्यावर काळजी कसली?

सासू, म्हणजे दवाखान्यातली सुचितामावशी, पुढं झाली. लेकीचा हात धरून तिला आत घेऊन गेली.

या दवाखान्यात मावशीचं अर्धं आयुष्य गेलं. चादरी बदलायच्या, पोटावर जेल लावायचं, घाबरलेल्या पोरींना धीर द्यायचा. शाळा सातवीपर्यंत, इंग्रजी वाक्य मात्र एक पाठ. पडद्यावर बाळ दिसलं की डॉक्टर क्रांतीबाई दरवेळी म्हणायच्या, "दे आर फाइन." शाळेतलं 'दे' म्हणजे 'ते सगळे', म्हणून सुरुवातीला मावशीला वाटलं, तालुक्यात जुळ्यांची साथ आली की काय! न राहवून तिनं विचारलंच.

बाई हसल्या. "अगं, बाहेर नातेवाईक कान लावून बसतात. इंग्रजी येणारा भाचासुद्धा बरोबर आणतात. इंग्रजीतलं 'ही' म्हटलं की मुलगा, 'शी' म्हटलं की मुलगी. आपल्यात 'बाळ' म्हटलं की भागतं. इंग्रजीत, बाई की पुरुष ते ठाऊक नसलं, तर एकट्या माणसालाही 'दे' म्हणतात."

"पण बाई, तुमाला तर ठाऊक असतं."

"मला असतं. माझ्या तोंडाला नसतं."

मावशीनं हे मनावर घेतलं आणि वर आपली एक गोष्ट जोडली. इतक्या वर्षांत पडदा बघून बघून तिलाही कळायला लागलं असतं. तिनं तो बघितलाच नाही. बाईंची नजर पडद्यावर, हिची पोरीच्या तोंडावर. कुणी साडी पुढं केली, कुणी पाया पडलं, कुणी शिव्या घातल्या. मावशीचं उत्तर एकच, "दे आर फाइन." खरंच, काय बाई म्हणावी ही!

पण आज टेबलावर पोटची पोर होती. बाईंनी पोटावर मशीनचा प्रोब ठेवला तशी प्राप्तीनं आईचं मनगट घट्ट धरलं.

"आये, बघ ना गं. मुलगी असली तर हे मला दुसरीकडं नेतील. मुलगा असला तर मी सुटले. एकदाच बघ."

बाईंनी ऐकलं, पण त्या प्रोब फिरवत राहिल्या. पडदा मावशीच्या खांद्यामागंच होता, नुसती मान वळवायची खोटी. बघावंसं वाटत नव्हतं असं नाही. फार वाटत होतं. लेकीच्या कानशिलावरून पाणी ओघळत होतं. मावशी पदरानं ते पुसत राहिली. मान वळली नाही.

बाहेर येऊन तिनं प्राप्तीची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली. "जावईबापू, बाळंत होईस्तोवर ही हितंच ऱ्हाईल. पोरींनाही धाडून द्या."

केतनचा चेहरा उतरला. "म्हणजे मुलगीच हाय!"

"मला ठाऊक न्हाय. मुलगा असता तरी ठेवलीच असती."

"असं असंल तर तुमची लेक तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे, कायमची!" गाडीचं दार आपटून तो गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पोरींना एसटीत बसवून दिलं. नंतर फोन नाही की चौकशी नाही. शेजारणी कुजबुजल्या, लेकीचा संसार आईनंच मोडला म्हणून. मावशीच्या जिवाला ते लागलं. पोरी झोपल्या की ती चुलीपाशी बसून रडायची, आणि सकाळी वेळेवर कामावर जायची.

शेवटी प्राप्तीची सुटका झाली. मावशी बाळंतिणीला कोमट पाणी पाजत होती, तोच फोन वाजला. इतक्या दिवसांनी केतन! खबर कुणी पोचवली देव जाणे.

"आई, काय झालं?"

मुलगा की मुलगी? बघा, वाचता वाचता तुम्हीसुद्धा तेच विचारलंत ना! मावशीनं लेकीकडं बघितलं, तिच्या कुशीतल्या गाठोड्याकडं बघितलं.

"दे आर फाइन," ती म्हणाली. "पुढचं तुमच्या डोळ्यांनी येऊन बघा."

तिनं फोन ठेवला आणि उरलेलं पाणी लेकीच्या ओठांना लावलं.